गाडी दारात की गावात?

छोट्या मालवाहू गाड्यांच्या किमती उतरल्या, ही वार्ता बुलढाण्यासारख्या प्रामुख्याने कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या जिल्ह्यात स्वागतार्हच ठरावयास हवी. २०२५ च्या जून महिन्यात टाटा कंपनीने ‘एस प्रो’ ही गाडी ३ लाख ९९ हजार रुपये या आरंभीच्या किमतीस बाजारात आणली. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून मालवाहू वाहनांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि सर्वच कंपन्यांच्या गाड्या आणखी स्वस्त झाल्या. चार लाखांच्या आत नवी कोरी चारचाकी मालगाडी मिळू लागल्यावर, गावातील पदवीधर पण बेकार तरुणाच्या मनात तिचा विचार येणे स्वाभाविक आहे. तो येतोही. आणि त्या विचाराला कर्जाचे पाठबळ मिळावे म्हणून हमीपत्रावर सही करण्यासाठी ज्याला गाठले जाते तो बहुधा घरातील, भावकीतील अगर शेजारचा शिक्षक किंवा कारकून असतो. कारण महिन्याच्या महिन्याला पगाराचा कागद दाखवू शकणारा गावात दुसरा असतो कोण? म्हणूनच हा प्रश्न केवळ गाडी घेणाऱ्याचा नाही. तो या वर्तमानपत्राच्या वाचकाचाही आहे.

‘स्वस्त’ आणि ‘परवडणारी’ हे दोन शब्द आपण सैलपणे एकाच अर्थाने वापरतो. वस्तू स्वस्त आहे की नाही हे दुकानात कळते. ती परवडते की नाही हे मात्र वर्षाच्या अखेरीस, जमाखर्च मांडल्यावर कळते. या दोन शब्दांमधील अंतरातच अनेक संसार अडकलेले असल्यामुळे, त्याची मोजदाद आधीच करून ठेवणे शहाणपणाचे होईल.

टेम्पोपासून छोट्या हत्तीपर्यंत

स्वस्त मालगाडीचे आकर्षण महाराष्ट्राला नवे नाही. पुण्याच्या फिरोदियांनी १९५८ साली जर्मन सहकार्याने बजाज टेम्पो कंपनी उभी केली आणि तिची तीनचाकी गाडी इतकी रूढ झाली की ‘टेम्पो’ हे एका कंपनीचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले. १९६९ मध्ये त्याच कंपनीची ‘मेटाडोर’ आली आणि विदर्भात तर आजही कोणत्याही मध्यम मालगाडीला ‘मेटाडोर’ म्हणणारी माणसे भेटतात. पुढे २००५ साली टाटांची ‘एस’ आली. तीनचाकीच्या आसपासच्या पैशांत चार चाके, दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन, पाऊण टन माल नेण्याची क्षमता आणि सुमारे सव्वादोन लाख रुपये किंमत, असा तो हिशेब होता. लोकांनी तिचे ‘छोटा हत्ती’ असे बारसे केले. वीस वर्षांत या नावाच्या पंचवीस लाखांवर गाड्या विकल्या गेल्या, असे कंपनी सांगते. महिंद्र, अशोक लेलँड, मारुती अशा इतरांनीही मग याच रस्त्याने आपापल्या गाड्या धाडल्या.

या वीस वर्षांतील किमतीचे मोजमाप रुपयांत न करता सोयाबीनमध्ये करून पाहिले तर एक विलक्षण चित्र दिसते. २००५–०६ मध्ये पिवळ्या सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला १,०१० रुपये होता. म्हणजे सव्वादोन लाखांच्या गाडीसाठी सुमारे २२३ क्विंटल सोयाबीन मोजावे लागे. २०२५–२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये आहे. त्या दराने ३ लाख ९९ हजारांची गाडी ७५ क्विंटलांत येते. २०२५ च्या हंगामात शेतकऱ्याच्या हाती हमीभाव पडला नाही हे खरेच. परंतु चार हजारांचा भाव धरला तरी १०० क्विंटल पुरतात. वाहून न्यावयाचे वजन तेव्हाही पाऊण टन होते, आजही पाऊण टनच आहे. तेव्हाची गाडी डिझेलची होती आणि आजची सर्वांत स्वस्त गाडी पेट्रोलची आहे, हा भेद जमेस धरूनही, शेतमालाच्या मापाने ही गाडी निम्म्याहून स्वस्त झालेली आहे, हे नाकारता येणार नाही. ट्रॅक्टर, खते, मजुरी, औषधे, मुलांचे शिक्षण यांपैकी किती गोष्टींविषयी असे म्हणता येईल?

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की शेतकऱ्याजवळ विकावयास ७५ क्विंटल असतच नाहीत. २०१५–१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीखालील क्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वातीन एकर आहे. एकरी सहा क्विंटल उत्पन्न धरले तर सगळे शेत सोयाबीनखाली घालूनही वीस क्विंटल माल निघतो. पाऊण टनाच्या गाडीच्या या तीन खेपा झाल्या. तीन खेपांसाठी वर्षभर दारात गाडी उभी करणे म्हणजे चार दिवसांच्या लग्नकार्यासाठी मांडवाचे सगळे सामान कायमचे विकत घेऊन ठेवण्यासारखे आहे.

दिवसांचा हिशेब

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहू. चार लाखांच्या आसपासच्या गाडीसाठी साडेतीन लाखांचे कर्ज, वार्षिक व्याज १२ टक्के आणि मुदत चार वर्षे असे धरले तर मासिक हप्ता सुमारे ९,२०० रुपये पडतो. म्हणजे वर्षाला एक लाख दहा हजार. चार वर्षांत केवळ व्याजापोटी ९२ हजार रुपये जातात. शिवाय विमा आहे. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा नुसता त्रयस्थ जोखमीचा वार्षिक हप्ता २०२२ मध्ये ठरलेल्या दराने १६,०४९ रुपये होतो, आणि हा आकडा पाऊण टनाच्या गाडीला व तिच्या कितीतरी पट मोठ्या गाडीला एकच आहे. टायर, दुरुस्ती, पासिंग व इतर विमा मिळून वर्षाला चाळीस हजार धरले, तर गाडी एक फूटही न हलता वर्षाला दीड लाख रुपये खाते.

ही गाडी वर्षातून १०० दिवस चालली तर त्या प्रत्येक दिवसावर १,५०० रुपयांचे ओझे बसते. २५० दिवस चालली तर तेच ओझे ६०० रुपयांवर येते. गावापासून बाजार चाळीस किलोमीटर धरू. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटरला, लिटरमागे पंधरा किलोमीटर या हिशेबाने आणि पेट्रोलच्या १०५ रुपये दराने, ५६० रुपयांचे पेट्रोल लागते. चालकाची मजुरी ५०० रुपये. साडेसात क्विंटलांच्या खेपेवर हा सगळा खर्च वाटला तर १०० दिवस चालणाऱ्या गाडीत क्विंटलमागे ३४० रुपये आणि २५० दिवस चालणाऱ्या गाडीत २२० रुपये वाहतूक पडते. परतीचे भाडे मिळाले तर हा दुसरा आकडा निम्म्यावर, ११० वर उतरतो. यातील एखादा आकडा कोणी आपल्या अनुभवाने कमी-अधिक करील. त्याने निष्कर्ष बदलत नाही. गाडी एकच, किंमत एकच, रस्ता एकच. पण एका मालकाला ती दुसऱ्याच्या तिप्पट महाग पडते. गाडीचे खरे मोल तिच्या चालण्याच्या दिवसांवर आणि परतीच्या मालावर ठरते, ते असे.

घाट, काळी माती आणि बाजार

आता हा हिशेब जिल्ह्याच्या भूमीवर ठेवून पाहावा. बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन भाग माणसांच्या बोलण्यातच पडलेले आहेत. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हा पूर्णेच्या खोऱ्याचा प्रदेश सखल. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हा प्रदेश उंचावरचा. या दोहोंमध्ये राजूर घाट आहे, बोथा घाट आहे. तीसेक अश्वशक्तीचे इंजिन सपाटीवर पाऊण टन माल सुखाने ओढते; तेच दीड टन माल लादून राजूर घाट चढू लागले की इंजिन, ब्रेक आणि चालक या तिघांचीही परीक्षा सुरू होते.

घाटाखालच्या काळ्या जमिनीची तऱ्हा आणखी वेगळी. पावसाळ्यात पाणंद रस्त्यावर छोट्या चाकांची गाडी रुतली म्हणजे तिला ओढून काढण्यास ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. सोयाबीनची सोंगणी आणि परतीचा पाऊस हे तर अलीकडे जोडीनेच येतात. म्हणजे माल शेतातून गावापर्यंत बैलगाडीत अगर ट्रॉलीत आणावयाचा, तेथे उतरवून पुन्हा गाडीत भरावयाचा आणि दुहेरी हमाली द्यावयाची. ज्याच्या घरी अगर शेजारी ट्रॅक्टर आहे त्याला, एकाच खेपेत कितीतरी अधिक माल नेणारी ट्रॉली थेट बाजार समितीत नेणेच सोईचे वाटते आणि त्यात त्याची चूक नाही. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये जाहीर झाली. ती जेथे जेथे खरोखर जमिनीवर उतरेल तेथेच गाडी बांधापर्यंत पोहोचेल. रस्त्यावाचून दिलेली गाडी हे अर्धेच साधन होय.

याचा अर्थ छोटी मालगाडी या जिल्ह्याला निरुपयोगी आहे असा मात्र नव्हे. देऊळगावराजा आणि सिंदखेडराजा परिसरातील शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बीजोत्पादन घेणारे, रोज भाजी तोडणारे, दूध घालणारे, खामगाव-मलकापूरच्या ठोक व्यापाऱ्यांकडून खेड्यापाड्यांतील दुकानांना किराणा पोचविणारे, खारपाणपट्ट्यातील गावांना पिण्याच्या पाण्याचे जार पुरविणारे, अशांचे काम वर्षभर रोज चालते. त्यांच्या हाती ही गाडी सोन्यासारखी आहे. वर्षातून एकदा येणाऱ्या पिकावर मात्र ती पोसली जात नाही. पीक बारमाही नसेल तर गाडी बारमाही करावी लागते, आणि तो व्यवसाय शेतीहून निराळा आहे. त्यास गिऱ्हाइकांचा राबता, बोललेली वेळ पाळण्याची शिस्त, उधारी वसूल करण्याची चिकाटी आणि परतीचा माल शोधण्याची दृष्टी लागते. ज्याच्याजवळ हे गुण आहेत त्याने अवश्य गाडी घ्यावी.

एक लाभ मात्र वरील हिशेबात कोठेच धरलेला नाही आणि तो न धरणे अन्यायाचे होईल. ज्या गावात वाहन मिळत नाही तेथे खेडा खरेदी करणारा व्यापारी अंगणात काटा लावून मागेल त्या भावाने माल उचलतो. वाहन मिळाले की शेतकरी खामगाव, चिखली, मलकापूर, प्रसंगी जिल्ह्याबाहेर जालना यांतील भाव विचारून निघू शकतो. क्विंटलला दोनशे रुपयांचा फरक पडला तरी वीस क्विंटलांमागे चार हजार रुपये होतात. गाडीचे हे मोल मोठे आहे. परंतु हा लाभ मिळविण्यास गाडी दारात असण्याची गरज नाही. ती गावात असली आणि वेळेवर भाड्याने मिळाली म्हणजे पुरते. एका गावात दोन गाड्या असल्या तर त्या रोज चालतील, मालकांचे हप्तेही फिटतील आणि शेतकऱ्याला रास्त भाडे पडेल. त्याच गावात त्याच वर्षी सात गाड्या आल्या तर तेच काम सात जणांत वाटले जाईल, भाडे पडेल आणि सातही मालक एकमेकांचे दिवस खातील. शोरूममध्ये प्रत्येकाला आपापला हिशेब बरोबर वाटत असतो. शेजाऱ्याच्या मनात तोच हिशेब चाललेला आहे, हे त्यात धरलेले नसते.

हप्ता महिन्याचा, पीक वर्षाचे

कर्जाची रीत हा या प्रश्नाचा मर्मभाग आहे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक २०१२ च्या सुमारास परवान्याच्या प्रश्नावरून अडचणीत आली आणि शेतकऱ्याचा पतपुरवठ्याचा जुना आधार डळमळला. वाहनासाठी तरुण आज बहुधा खासगी वित्त कंपन्यांकडे वळतो. त्या कंपन्या कर्ज चटकन देतात, हे त्यांच्या बाजूने म्हटलेच पाहिजे. पण त्यांचा हप्ता महिन्याच्या तारखेला बांधलेला असतो आणि शेतीचा पैसा दिवाळीच्या आसपास एकदा, हरभऱ्याच्या वेळी फार तर दुसऱ्यांदा येतो. ज्येष्ठ-आषाढात गाडी उभी असते, घरात बियाण्याला पैसा नसतो, आणि नेमका त्याच वेळी हप्ता चुकतो. दोन-तीन हप्ते थकले की गाडी ओढून नेली जाते, लिलावात मिळेल त्या भावाने विकली जाते आणि उरलेल्या रकमेची नोटीस जामीनदाराच्या घरी येते. ज्या शिक्षकाने ‘पोरगा मार्गाला लागेल’ या सद्‌भावनेने सही केली, त्याच्या पगारावर त्या सद्‌भावनेचे ओझे पडते आणि नाते तुटते ते वेगळेच.

ही वेळ टळावी म्हणून मालक जो उपाय करतो तो याहून भयंकर. पाऊण टनाच्या गाडीत दीड टन माल घालणे, रात्री चालविणे, विमा थकविणे आणि लग्नसराईत मालाऐवजी माणसे भरणे, हे सारे हप्त्याच्या धाकाने घडते. अधिक वजनासाठी २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीने मूळ दंडच २० हजार रुपये ठरविला. परंतु दंडाची भीती दूरची आणि हप्त्याची जवळची असते. मालगाडीत बसविलेल्या माणसांचा अपघात झाला की वृत्तपत्रांत चालकाचा बेदरकारपणा छापून येतो. त्यामागचे न परवडणारे गणित छापले जात नाही.

काय करता येईल

पहिली गोष्ट धनको संस्थांनी करावयाची आहे. शेतीशी निगडित वाहनकर्जाचे हप्ते सुगीच्या वेळी मोठे आणि पावसाळ्यात लहान ठेवणे यात तांत्रिक अडचण काहीही नाही. पीककर्जाची परतफेड आपण हंगामाला बांधतोच. सहकारी पतसंस्थांची मोठी परंपरा या जिल्ह्यात आहे. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या बुलढाणा अर्बनसारखी पतसंस्था येथूनच वाढली आणि तिने शेतमाल गोदामात ठेवून त्यावर कर्ज देण्याची वाट रुळविली. गोदामातील मालाचा हंगाम ज्यांना कळतो त्यांना गाडीचा हंगाम कळणे अवघड नाही. मुद्रा योजनेतील कर्ज मंजूर करतानाही बँकांनी अर्जदारास, याच गावात आणखी किती गाड्या आहेत आणि तुझे काम कोणाकडून येणार, हे दोन प्रश्न विचारले पाहिजेत.

दुसरी गोष्ट शेतकरी उत्पादक कंपन्यांची आणि बचत गटांची. ट्रॅक्टर व अवजारे समाईकपणे भाड्याने देणाऱ्या अवजारे बँका या भागात परिचित झालेल्या आहेत. त्याच रीतीने तीन-चार गावांत मिळून दोन गाड्या, ठरलेला दर, ठरलेले वेळापत्रक आणि जाताना शेतमाल, येताना खत-बियाणे व किराणा, असा बेत आखणे कठीण नाही. चालक-मालक गावचाच तरुण असावा, पण वर्षातील निदान दीडशे दिवसांच्या कामाची हमी त्याला संस्थेने लेखी द्यावी. बाजार समित्यांनी परतीच्या भाड्यांची नोंद ठेवणारा एक फलक प्रवेशद्वारी लावला तरी पुष्कळ रिकाम्या फेऱ्या वाचतील.

तिसरी गोष्ट शासनाची. ट्रॅक्टरवरील कर २०२५ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. शेतमाल वाहणाऱ्या छोट्या गाडीवर तो १८ टक्के आहे. शेतात नांगर ओढणे ही शेती आणि पिकलेला माल बाजारात नेणे हा निव्वळ व्यापार, असा भेद शेतकरी करीत नाही. जपानमध्ये अवघ्या ६६० घनसेंटिमीटर इंजिनाच्या आणि साडेतीनशे किलो माल नेणाऱ्या छोट्या गाड्यांना करात सवलत आहे आणि तेथील शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांमार्फत खास शेतीसाठीच्या अशा गाड्या विकल्याही गेल्या. आपल्याकडे निदान उत्पादक कंपन्यांच्या नावे घेतलेल्या गाड्यांपुरता कराचा आणि विम्याचा बोजा वजनाच्या प्रमाणात असावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. कायद्याने आपले काम थोडे सोपे केलेलेच आहे. तीन टनांपर्यंतच्या एकूण वजनाच्या मालगाडीस परवाना लागत नाही आणि हलके वाहन चालविण्याच्या परवान्यावर साडेसात टनांपर्यंतची मालगाडी चालविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

कापसाच्या ओढीने १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत लोहमार्ग आला आणि तेथेच थांबला. तो पुढे जालन्यास जोडावा ही मागणी पिढ्यान् पिढ्या चालू आहे. आता समृद्धी महामार्ग मेहकर-सिंदखेडराजावरून गेला आणि २०२५ च्या जूनमध्ये तो पूर्णही झाला. मोठे मार्ग येतात आणि जातात. शेताच्या बांधापासून त्या मार्गापर्यंतचे शेवटचे दहा-वीस मैल मात्र शेतकऱ्याने आपल्या बळावर तोडावयाचे असतात. छोट्या गाडीचे खरे काम तेथे आहे आणि ते काम तिने करावे यासाठी ती स्वस्त झाली हे चांगलेच झाले. प्रश्न एवढाच की तिच्या स्वस्ताईचा लाभ गावाला मिळणार की कर्ज देणाऱ्याला.

तोवर, जामिनाचा कागद पुढे सरकवणाऱ्या तरुणास शिक्षकाने अगर कारकुनाने किंमत विचारू नये; ती फलकावर लिहिलेली आहे. त्याने एवढेच विचारावे की गाडी वर्षातून किती दिवस चालेल, परत येताना तिच्यात काय असेल आणि गावात अशा गाड्या आधीच किती आहेत. या तीन प्रश्नांना कागदावर मांडलेले उत्तर मिळाले तर सही अवश्य करावी. न मिळाले तर त्या तरुणाजवळ बसून आधी ते उत्तर शोधावे. त्याच्या हितासाठी याहून मोठी मदत दुसरी नाही.